आंत्वान द सेंत-एक्झुपेरी

आंत्वान मारी जाँ-बातिस्त रोजे द सेंत-एक्झुपेरी (२९ जून १९००, ल्यों – ३१ जुलै १९४४, भूमध्य समुद्र) हे फ्रेंच लेखक व वैमानिक होते. ‘ल पती प्रँस’ अर्थात ‘छोटा राजपुत्र’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या कथेचे लेखक म्हणून ते सर्वाधिक परिचित आहेत. टपाल विमानसेवेच्या आरंभकाळात त्यांनी युरोप, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत वैमानिक म्हणून काम केले आणि त्या अनुभवांवर कादंबऱ्या व आत्मपर लेखन केले. दुसऱ्या महायुद्धात टेहळणी उड्डाणावर असताना ते विमानासह बेपत्ता झाले. त्यांचे विमान कोठे कोसळले हे त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ अज्ञात राहिले. २००० साली मार्सेयजवळील रिऊ बेटालगत समुद्रतळावर अवशेष आढळले आणि २००४ मध्ये ते त्यांच्याच विमानाचे असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. युद्धकाळात कोसळलेल्या विमानांचे अवशेष हा संरक्षणयोग्य वारसा आहे, या विचाराच्या संदर्भात या शोधाला महत्त्व आहे.

बालपण व शिक्षण

सेंत-एक्झुपेरी यांचा जन्म ल्यों येथील एका जुन्या सरदार घराण्यात झाला. वडील जाँ व आई मारी यांच्या पाच अपत्यांपैकी ते तिसरे होत. १९०४ मध्ये वडिलांचे अकाली निधन झाल्यावर कुटुंब नातेवाइकांच्या आधाराने राहू लागले. आंत्वान यांच्या बालपणाचा मोठा भाग सेंत-मोरिस-द-रेमाँस येथील वाड्यात गेला. हा वाडा आणि त्याभोवतीची बाग यांच्या आठवणी त्यांच्या लेखनात पुढे वारंवार येतात. वाड्यापासून जवळच आंबेरियू येथे विमानतळ होता. १९१२ च्या उन्हाळ्यात तेथील एका वैमानिकाने बारा वर्षांच्या आंत्वान यांना विमानातून फिरवून आणले. हे त्यांचे पहिले उड्डाण होय.

ल मान्स येथील जेझुइट शाळेत आणि नंतर स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर येथे त्यांचे शिक्षण झाले. १९१७ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ फ्राँस्वा हृदयविकाराने मरण पावला. या मृत्यूचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. नौदलाच्या विद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण न झाल्याने त्यांनी पॅरिसमध्ये काही काळ वास्तुकलेचा अभ्यास केला, पण तो पूर्ण केला नाही.

१९२१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते स्ट्रासबूर येथील विमानदलाच्या तुकडीत दाखल झाले. तेथे त्यांना जमिनीवरचे काम देण्यात आले होते. त्यांनी स्वखर्चाने खासगी शिकवणी घेऊन उड्डाणाचे शिक्षण घेतले आणि पुढे मोरोक्कोमध्ये लष्करी वैमानिकाचा परवाना मिळवला. १९२३ मध्ये ल बुर्जे येथे झालेल्या अपघातात त्यांच्या कवटीला इजा झाली. याच सुमारास लेखिका लुईझ द व्हिलमोरँ यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. तिच्या कुटुंबाचा वैमानिकी पेशाला विरोध असल्याने त्यांनी विमानदल सोडले, परंतु वाङ्‌निश्चय अखेर मोडला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी कौलांच्या कारखान्याच्या कार्यालयात आणि मालमोटारींचे विक्रेते म्हणून काम केले. या दोन्ही व्यवसायांत त्यांचे मन रमले नाही.

टपाल विमानसेवा

१९२६ च्या शरद ऋतूत ते तुलूझ येथील लातेकोएर विमान कंपनीत रुजू झाले. फ्रान्समधून स्पेनमार्गे मोरोक्को आणि पुढे सेनेगलमधील डाकारपर्यंत टपाल नेण्याचे काम ही कंपनी करीत असे. विमाने उघड्या कक्षाची, इंजिने बेभरवशाची आणि दिशा दाखवणारी साधने अपुरी होती. कंपनीचे व्यवस्थापक दिदिए दोरा यांची शिस्त कडक होती. नव्या वैमानिकाला प्रथम यंत्रशाळेत इंजिने साफ करावी लागत आणि त्यानंतरच त्याला विमान मिळे. येथेच झाँ मेरमोझ आणि आंरी गियोमे या वैमानिकांशी त्यांची मैत्री झाली.

१९२७ मध्ये त्यांची नेमणूक स्पॅनिश सहारातील काप जुबी या तळाचे प्रमुख म्हणून झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मध्ये एक किल्ला व लाकडी खोपटे असे या ठिकाणाचे स्वरूप होते. वाळवंटात उतरावे लागलेल्या वैमानिकांना स्थानिक टोळ्या ओलीस धरीत. अशा वैमानिकांचा शोध घेणे, टोळीप्रमुखांशी बोलणी करून त्यांची सुटका करवणे आणि शक्य असेल तर विमानेही परत आणणे हे त्यांचे मुख्य काम होते. सुमारे दीड वर्षाच्या या वास्तव्यात त्यांनी ‘कुरिये स्यूद’ म्हणजे ‘दक्षिणेची टपालफेरी’ ही पहिली कादंबरी लिहिली. ती १९२९ मध्ये प्रकाशित झाली. काप जुबी येथील कार्याबद्दल त्यांना १९३० मध्ये फ्रान्सचा लेजियाँ दॉनर हा सन्मान देण्यात आला.

१९२९ च्या अखेरीस ते अर्जेंटिनात गेले. ब्युनॉस आयर्स येथून पॅटागोनियाकडे जाणाऱ्या टपालमार्गाची जबाबदारी त्यांच्यावर होती. जून १९३० मध्ये गियोमे यांचे विमान हिमवादळामुळे अँडीज पर्वतात उतरले आणि ते बेपत्ता झाले. सेंत-एक्झुपेरी यांनी अनेक दिवस पर्वतरांगांवरून उड्डाणे करून त्यांचा शोध घेतला, पण बर्फात विमान दिसले नाही. गियोमे पाच दिवस पायी चालत स्वतःच वस्तीपर्यंत पोहोचले. ही घटना पुढे ‘तेर देझॉम’ या ग्रंथातील एका प्रकरणाचा विषय झाली.

अर्जेंटिनातील अनुभवांवर आधारित ‘व्हॉल द न्वी’ म्हणजे ‘रात्रीचे उड्डाण’ ही कादंबरी १९३१ मध्ये आंद्रे जीद यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाली. तिला त्या वर्षीचे फेमिना पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी एल साल्वाडोरमध्ये जन्मलेल्या कोन्सुएलो सुनसिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे वैवाहिक जीवन वादळी ठरले, तरी ते अखेरपर्यंत टिकले. ‘छोटा राजपुत्र’मधील गुलाबाच्या पात्रामागे कोन्सुएलो यांची प्रेरणा असल्याचे मानले जाते.

अपघात व लेखन

१९३१ मध्ये टपाल विमान कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि सेंत-एक्झुपेरी यांची नियमित नोकरी संपली. पुढील काळात त्यांनी चाचणी वैमानिक, पत्रकार आणि विमानसेवेचे प्रचारक अशी विविध कामे केली. १९३३ च्या डिसेंबरात सेंत-राफाएल येथे जलविमानाची चाचणी घेताना विमान पाण्यात उलटले आणि ते बुडता बुडता वाचले.

३० डिसेंबर १९३५ रोजी पॅरिस ते सायगाव या मार्गावर वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात असताना त्यांचे विमान लिबियाच्या वाळवंटाच्या इजिप्तमधील भागात आदळले. ते व त्यांचे सहकारी यंत्रज्ञ आंद्रे प्रेव्हो या दोघांनाही गंभीर इजा झाली नाही, परंतु त्यांच्याजवळ अत्यंत थोडे पाणी होते. तहानेने भ्रम होऊ लागलेल्या अवस्थेत ते वाळवंटात भटकत राहिले. चौथ्या दिवशी एका बदाऊनी उंटस्वाराने त्यांना पाहिले व त्यांचे प्राण वाचले. १९३८ मध्ये न्यू यॉर्कहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे जाताना ग्वातेमालात इंधनाच्या अतिभारामुळे त्यांचे विमान उड्डाणाच्या वेळीच कोसळले. या अपघातात त्यांना अनेक ठिकाणी अस्थिभंग झाला. पुढे आयुष्यभर त्यांना मान व खांदा पूर्णपणे हलवता येत नसे आणि उड्डाणाचा पोशाख घालण्यासाठीही दुसऱ्याची मदत लागत असे.

या साऱ्या अनुभवांतून ‘तेर देझॉम’ म्हणजे ‘माणसांची भूमी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. १९३९ मध्ये प्रकाशित झालेल्या या ग्रंथास फ्रेंच अकादमीचे कादंबरीसाठीचे महापारितोषिक मिळाले. त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा अमेरिकेतही गौरव झाला. विमान हे केवळ यंत्र नसून पृथ्वीकडे व माणसाकडे नव्याने पाहण्याचे साधन आहे, असा या ग्रंथाचा सूर आहे. संकटात सापडलेल्या सहकाऱ्याविषयीची जबाबदारी हा त्यातील मध्यवर्ती विचार होय. मेरमोझ १९३६ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरावर बेपत्ता झाले. गियोमे यांचे विमान १९४० मध्ये भूमध्य समुद्रावर पाडले गेले. टपालमार्गावरील जुन्या मित्रांपैकी फार थोडे उरले होते.

दुसरे महायुद्ध

युद्ध सुरू झाले तेव्हा सेंत-एक्झुपेरी ३९ वर्षांचे होते. जुन्या दुखापतींमुळे वैद्यकीय तपासणीत ते लढाऊ सेवेस अयोग्य ठरले होते. ओळखीपाळखी वापरून त्यांनी २/३३ या टेहळणी तुकडीत प्रवेश मिळवला. मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या काळात त्यांनी आरास शहरावरून अत्यंत धोक्याचे उड्डाण केले. जूनमधील युद्धविरामानंतर ते लष्करी सेवेतून मुक्त झाले आणि ३१ डिसेंबर १९४० रोजी न्यू यॉर्कला पोहोचले.

अमेरिकेतील दोन वर्षे त्यांच्यासाठी साहित्यिकदृष्ट्या फलदायी पण मानसिकदृष्ट्या क्लेशदायक होती. ‘पिलोत द गेर’ म्हणजे ‘युद्धवैमानिक’ हे आरासच्या उड्डाणावरील पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये त्यावर जर्मन अधिकाऱ्यांनी बंदी घातली. परागंदा फ्रेंच समाज व्हिशी सरकारचे समर्थक व द गॉल यांचे समर्थक असा विभागला गेला होता. सेंत-एक्झुपेरी यांनी कोणत्याच गटाला पूर्ण पाठिंबा न दिल्याने दोन्हीकडून त्यांच्यावर टीका झाली. याच काळात त्यांनी स्वतः काढलेल्या जलरंगातील चित्रांसह ‘छोटा राजपुत्र’ लिहिली. वाळवंटात विमान बंद पडलेल्या एका वैमानिकाची दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या मुलाशी झालेली भेट हा तिचा विषय आहे. फ्रान्समध्ये हालअपेष्टा सोसत असलेले त्यांचे ज्यू मित्र लेओं वेर्त यांना ती अर्पण केलेली आहे. एप्रिल १९४३ मध्ये न्यू यॉर्क येथे फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ती प्रकाशित झाली आणि त्याच महिन्यात सेंत-एक्झुपेरी उत्तर आफ्रिकेकडे रवाना झाले.

तेथे त्यांची जुनी तुकडी अमेरिकी सेनापतींच्या अधिपत्याखाली लॉकहीड पी-३८ लाइटनिंग विमाने उडवीत होती. हे दोन इंजिनांचे विमान चालवण्यासाठी ठरवलेल्या वयोमर्यादेपेक्षा ते बरेच मोठे होते. ऑगस्ट १९४३ मध्ये उतरताना विमान धावपट्टीबाहेर गेल्यावर त्यांना उड्डाणास मनाई करण्यात आली. सुमारे आठ महिने त्यांनी अल्जियर्समध्ये निष्क्रियतेत काढले. सतत विनवण्या केल्यावर १९४४ च्या वसंतात त्यांना मर्यादित उड्डाणांची परवानगी मिळाली. प्रथम सार्डिनिया व नंतर कॉर्सिका येथून उड्डाणे करताना त्यांनी ही मर्यादा ओलांडली. त्यांना धोक्यापासून दूर ठेवण्यासाठी दक्षिण फ्रान्समधील नियोजित आक्रमणाची गुप्त माहिती त्यांना सांगावी, असा बेत सहकाऱ्यांनी आखला होता. अशी माहिती असलेल्या वैमानिकाला शत्रूच्या प्रदेशावर पाठवता येत नसे.

अखेरचे उड्डाण

३१ जुलै १९४४ रोजी सकाळी सेंत-एक्झुपेरी यांनी कॉर्सिकातील बोर्गो येथील तळावरून उड्डाण केले. ग्रनोब्ल व आनसी या परिसराची छायाचित्रे घेणे हे त्यांचे काम होते. त्यांचे विमान पी-३८ च्या एफ-५बी या टेहळणी प्रकारातील असून त्याचा लष्करी क्रमांक ४२-६८२२३ होता. अशा विमानात तोफांच्या जागी कॅमेरे बसवलेले असत. शत्रूपासून बचाव केवळ उंची व वेग यांवर अवलंबून असे आणि वैमानिक विमानात एकटाच असे. दुपारपर्यंत इंधन संपण्याची वेळ उलटून गेली, तरी विमान परतले नाही. त्यांना बेपत्ता घोषित करण्यात आले. दोन आठवड्यांनी, १५ ऑगस्ट रोजी, दोस्त राष्ट्रांचे सैन्य दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले.

१९४८ मध्ये फ्रान्सने त्यांना देशासाठी मृत्यू आलेल्या व्यक्तीचा अधिकृत दर्जा दिला. त्यामुळे फ्रान्समध्ये त्यांच्या लेखनाच्या स्वामित्वहक्काची मुदतही वाढली. याच वर्षी त्यांचा ‘सितादेल’ हा अपूर्ण ग्रंथ प्रकाशित झाला. मृत्यूचे ठिकाण अज्ञात असल्याने अनेक तर्क मांडले गेले. आल्प्स पर्वतात अपघात, प्राणवायूच्या नळीतील बिघाड, शत्रूच्या लढाऊ विमानाचा हल्ला आणि आत्महत्या अशा विविध शक्यता पुस्तकांतून व लेखांतून चर्चिल्या गेल्या. वाळवंटातून परतलेल्या वैमानिकाची कथा लिहिणारा लेखक स्वतः मागमूस न ठेवता नाहीसा झाला, या योगायोगाने त्यांच्या मृत्यूला दंतकथेचे रूप आले.

अवशेषांचा शोध

७ सप्टेंबर १९९८ रोजी मार्सेयच्या दक्षिणेस रिऊ बेटाच्या परिसरात झाँ-क्लोद बियांको या मच्छीमाराच्या ट्रॉलरच्या जाळ्यात एक चांदीचे ब्रेसलेट आले. त्यावर सेंत-एक्झुपेरी यांचे व कोन्सुएलो यांचे नाव, तसेच त्यांच्या न्यू यॉर्कमधील प्रकाशकाचा पत्ता कोरलेला होता. या बातमीने मोठी खळबळ उडाली, परंतु लगेचच त्याच्या खरेपणाविषयी शंकाही घेतल्या गेल्या. ट्रॉलरचे जाळे समुद्रतळावरून दीर्घ अंतर ओढले जाते. त्यामुळे वस्तू नेमकी कोठे पडलेली होती आणि तिच्याभोवती आणखी काय होते, हे सांगता येत नव्हते. कोरलेले नाव हाच एकमेव पुरावा होता आणि नाव कोणालाही कोरता येते, असा आक्षेप होता. लेखकाच्या आप्तांपैकी काहींना शोधमोहीम नकोशी होती. मृत व्यक्तीला समुद्रातच शांतपणे विसावू द्यावे, अशी त्यांची भावना होती.

मार्सेय येथील पाणबुडे ल्यूक व्हॅनरेल यांनी २००० च्या मे महिन्यात रिऊ बेटाजवळ विमानाचे विखुरलेले तुकडे ओळखले आणि त्यांची माहिती अधिकाऱ्यांना दिली. हे तुकडे सुमारे एक किलोमीटर लांब व ४०० मीटर रुंद अशा पट्ट्यात आणि सुमारे ८० मीटर खोलीपर्यंत पसरलेले होते. ते पी-३८ चे असल्याचे बनावटीवरून दिसत होते. मात्र या किनाऱ्याच्या परिसरात त्या जातीची अनेक विमाने नष्ट झालेली असल्याने एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नव्हता.

हे अवशेष लगेच वर काढले गेले नाहीत. फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या जलगत पुरातत्त्व विभागाची परवानगी मिळाल्यावरच, २००३ च्या सप्टेंबरात, त्यांतील काही भाग पाण्याबाहेर आणण्यात आले. विमानाचा लष्करी क्रमांक शेपटीवर रंगवलेला असतो. समुद्रात तो टिकत नाही. कारखान्यात मात्र बांधणीच्या वेळी काही भागांवर स्वतंत्र क्रमांक कोरला जात असे. डाव्या बाजूच्या टर्बोचार्जरच्या आवरणाची सफाई करताना त्यावर हाताने कोरलेला २७३४ हा आकडा व त्यापुढे डाव्या बाजूचे सूचक अक्षर दिसले. लॉकहीड कंपनीच्या नोंदींनुसार हा बांधणी क्रमांक ४२-६८२२३ या लष्करी क्रमांकाच्या विमानाचा होता. ७ एप्रिल २००४ रोजी पुरातत्त्व विभागाने ही ओळख अधिकृतपणे जाहीर केली. ब्रेसलेटचा उगमही त्यामुळे समजण्याजोगा झाला. जी वस्तू एकटी असताना संशयास्पद ठरली होती, तिला मूळ जागी राहिलेल्या अवशेषांमुळे संदर्भ मिळाला.

अवशेषांचे कायदेशीर संरक्षण

फ्रान्समध्ये जलगत पुरातत्त्वासाठी स्वतंत्र विभाग १९६६ मध्ये लेखक व तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या कारकिर्दीत स्थापन झाला. त्याचे मुख्यालय मार्सेय येथे आहे. १ डिसेंबर १९८९ च्या कायद्याने सागरी सांस्कृतिक वस्तू ही संकल्पना निश्चित केली. या कायद्यानुसार सार्वजनिक सागरी क्षेत्रात आढळणारे आणि प्रागैतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेले अवशेष संरक्षित असतात. ज्यांच्या मालकाचा शोध लागत नाही, असे अवशेष शासनाचे होतात. शोध लावणाऱ्या व्यक्तीने ते जागच्या जागी ठेवून ४८ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवावे लागते. मासेमारीसारख्या अन्य कामात अनवधानाने वर आलेली वस्तूही परस्पर दुसऱ्याला देता येत नाही आणि तीही त्याच मुदतीत कळवावी लागते. परवानगीविना उत्खनन करणे, शोधमोहीम राबवणे किंवा अवशेष हलवणे हा गुन्हा आहे. २००४ मध्ये या तरतुदी फ्रान्सच्या वारसा संहितेत समाविष्ट झाल्या.

या कायद्यात वयाची अट नाही, ऐतिहासिक महत्त्वाची अट आहे. विसाव्या शतकातील विमानांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. जलगत सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी युनेस्कोने २००१ मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार किमान १०० वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांनाच लागू होतो. १९४४ मध्ये कोसळलेले विमान त्यामुळे २०४४ पर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही. मूळ जागी जतन हा पहिला पर्याय मानावा आणि अवशेषांचा व्यापार होऊ देऊ नये, ही या कराराची दोन प्रमुख तत्त्वे आहेत. फ्रान्सने २०१३ मध्ये तो मंजूर केला.

अन्य देशांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. ब्रिटनमध्ये १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यानुसार लष्करी सेवेत असताना कोसळलेले प्रत्येक विमान आपोआप संरक्षित ठरते. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याविना त्याचे उत्खनन करता येत नाही. या कायद्याच्या मुळाशी अवशेषांतून वस्तू गोळा करणाऱ्यांपासून मृत सैनिकांच्या दफनस्थळांचे रक्षण करण्याचा हेतू होता. अमेरिकेने २००४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार बुडालेली लष्करी जहाजे व विमाने कितीही काळ लोटला तरी त्या त्या राष्ट्राच्याच मालकीची राहतात. ब्रिटिश कायद्यात मृतांविषयीचा आदर, अमेरिकी कायद्यात राष्ट्राची मालकी आणि फ्रेंच कायद्यात ऐतिहासिक ज्ञान यांना प्राधान्य असल्याचे दिसते. रिऊ येथील प्रकरणात आप्तांची भावना आणि समाजाची जिज्ञासा यांत संघर्ष होता. परवानगीची अट आणि काही वर्षांचा विलंब यांमुळे अवशेष आठवणवस्तू म्हणून विखुरले न जाता पुरावा म्हणून तपासले गेले. रिऊ द्वीपसमूहाचा परिसर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कालांक राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट आहे.

मृत्यूच्या कारणाविषयीचे मतभेद

अवशेषांनी मृत्यूचे ठिकाण निश्चित केले, कारण मात्र नाही. वर काढलेल्या तुकड्यांवर गोळ्यांच्या खुणा आढळल्या नाहीत. परंतु हे तुकडे संपूर्ण विमानाचा लहानसा भाग असल्याने हल्ला झालाच नाही असेही त्यावरून सिद्ध होत नाही. विमान मोठ्या वेगाने व जवळजवळ उभ्या दिशेने पाण्यावर आदळले असावे, असे अनुमान काही अभ्यासकांनी काढले आहे. अवशेषांत मानवी शरीराचा कोणताही अंश मिळाला नाही. १९४४ मध्ये बेपत्ता होण्याच्या घटनेनंतर काही दिवसांनी मार्सेयच्या दक्षिणेस समुद्रात सापडलेला आणि कारकेरान येथे दफन केलेला एक अनोळखी मृतदेह त्यांचा असावा, असाही तर्क केला जातो. तो सिद्ध झालेला नाही.

याच परिसरात एका जर्मन मेसरश्मिट विमानाचे इंजिनही आढळले. प्रारंभी त्याचा संबंध सेंत-एक्झुपेरी यांच्या मृत्यूशी असावा अशी शंका होती. तपासाअंती ते डिसेंबर १९४३ मध्ये पाडल्या गेलेल्या विमानाचे असून त्याचा तरुण वैमानिक जर्मनीतील एका राजघराण्यातील होता, असे निष्पन्न झाले. म्हणजे एका प्रसिद्ध व्यक्तीच्या शोधातून त्याच समुद्रतळावरील दुसऱ्या, विस्मृतीत गेलेल्या मृत्यूचाही उलगडा झाला. २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट या माजी जर्मन वैमानिकाने सेंत-एक्झुपेरी यांचे विमान आपणच पाडल्याचा दावा केला. आपण या लेखकाचे चाहते होतो आणि विमानात कोण आहे हे ठाऊक असते तर गोळी झाडली नसती, असेही त्याने सांगितले. या दाव्याला समकालीन कागदपत्रांतून पुष्टी मिळालेली नाही आणि अनेक इतिहासकारांनी त्याविषयी शंका व्यक्त केली आहे.

स्मृती व सन्मान

पाण्याबाहेर आणलेले अवशेष पॅरिसजवळील ल बुर्जे येथील हवाई व अंतराळ संग्रहालयात प्रदर्शित आहेत. १९२३ मध्ये सेंत-एक्झुपेरी यांना गंभीर अपघात झाला तो ल बुर्जे विमानतळ हाच होय. पॅरिसमधील पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात १९६७ मध्ये त्यांच्या स्मृत्यर्थ शिलालेख कोरण्यात आला. युरो चलन येण्यापूर्वी फ्रान्सच्या ५० फ्रँकच्या नोटेवर त्यांचे व छोट्या राजपुत्राचे चित्र होते. ल्यों येथील विमानतळाला २००० साली त्यांचे नाव देण्यात आले. २५७८ या क्रमांकाचा लघुग्रह त्यांच्या नावाने ओळखला जातो, तर ४५ युजेनिया या लघुग्रहाच्या एका चंद्राला ‘पती-प्रँस’ हे नाव आहे. ‘छोटा राजपुत्र’चे हस्तलिखित न्यू यॉर्कमधील मॉर्गन ग्रंथालयात असून या कथेचे शेकडो भाषांत अनुवाद झाले आहेत.